घाम फार येतो, त्याचें काय करावें?

संस्कृत साहित्यशास्त्राशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांना आठ सात्त्विक भाव ठाऊक असतीलच. भरताच्या नाट्यशास्त्रांत रोमांच, कंप, अश्रु यांच्याच पंक्तीला स्वेद, म्हणजे घाम, बसविलेला आहे. मन हेलावल्यावांचून हे भाव अंगावर उमटत नाहींत, म्हणून त्यांची एवढी प्रतिष्ठा. कालिदासानें तर विवाहासारख्या मंगल प्रसंगींही घामाला स्थान दिलें. रघुवंशाच्या सातव्या सर्गांत अज आणि विदर्भकन्या इंदुमती यांचें पाणिग्रहण होतें त्या क्षणीं वराच्या मनगटावर रोमांच उभे राहतात आणि वधूचीं बोटें घामेजतात. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गांत हाच प्रसंग उलटा होऊन रोमांच उमेच्या अंगीं येतात आणि घाम प्रत्यक्ष शंकराच्या बोटांना फुटतो.

काव्यांत जें गोड वाटतें तें घरांत मात्र गोड वाटत नाहीं. दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलाची उत्तरपत्रिका त्याच्याच तळहाताखालीं भिजते, शाई फुटते, आणि तो बिचारा हाताखालीं रुमाल घालून कसेंबसें लिहितो. पाहुण्यांपुढें चहा घेऊन येणाऱ्या मुलीच्या हातून कप निसटतो तो तिच्या धांदरटपणामुळें नव्हे, बोटें ओलीं असल्यामुळें. अशा मुलांना घरांतून मिळणारें उत्तर ठरलेलें असतें : "जरा धीट हो," "तुझी प्रकृतीच उष्ण," "मोठेपणीं आपोआप जाईल." याच्या अगदीं उलट, ज्याची खरोखर धास्ती घ्यावी असा घाम आजोबांना पहाटे सुटतो तेव्हां "आज उकडतेंच आहे मेलें" असें म्हणून आपण खिडकी उघडतों आणि पुन्हां निजतों. ज्याची हेटाळणी करूं नये त्याची हेटाळणी करावयाची आणि ज्याकडे दुर्लक्ष करूं नये त्याकडे दुर्लक्ष करावयाचें, हा उलटा न्याय बहुतेक कुटुंबांत चालतो. तो दूर व्हावा एवढ्याच हेतूनें घामाविषयीं आज वैद्यकशास्त्राला जें ठाऊक आहे तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

घाम कशासाठीं येतो?

आपल्या त्वचेंत सुमारे २० ते ४० लक्ष घर्मपिंड आहेत. त्यांची दाटी तळहात व तळपाय येथें सर्वांत अधिक असते. शरीराची उष्णता ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखणें हें त्यांचें मुख्य काम. मेंदूच्या तळाशीं असलेलें एक लहानसें केंद्र रक्ताच्या उष्णतेवर सतत लक्ष ठेवून असतें. ती वाढूं लागली कीं तेथून मज्जातंतूंच्या वाटेनें पिंडांना आज्ञा सुटते, आणि ते पाणी व थोडें मीठ त्वचेवर आणून सोडतात. त्या पाण्याची वाफ होतांना ती अंगांतील उष्णता बरोबर घेऊन जाते. एक लिटर घाम पुरता वाळला तर त्याबरोबर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. मातीच्या माठांतील पाणी ज्या युक्तीनें गार होतें तीच ही युक्ति होय.

यांत 'वाळला' हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसता गळून पडलेला घाम अंगाला गारवा देत नाहीं. हा भेद नाशिककरांना प्रवासांत सहज कळतो. आपलें शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेलें. एप्रिलांत पारा ४० अंशांच्या घरांत गेला तरी हवा कोरडी, म्हणून आलेला घाम जागच्या जागीं वाळतो आणि मनुष्याला वाटतें कीं आपल्याला घाम आलाच नाहीं. तोच मनुष्य सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनें इगतपुरी मागें टाकून कसाऱ्याचा घाट उतरला कीं कल्याण येईपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटलेला असतो. मुंबईचा पारा बहुधा नाशिकपेक्षां खालीं असतो. पण तेथील हवेंत बाष्प अगोदरच इतकें भरलेलें असतें कीं नव्या बाष्पाला तींत जागा मिळत नाहीं. नोकरीनिमित्त मुंबईस गेलेला मुलगा "इकडे मला फार घाम येतो" असें कळवितो तेव्हां त्याला रोग जडला असें समजण्याचें कारण नाहीं.

उलट, नाशिकच्या कोरड्या उन्हांत खरा धोका न दिसणाऱ्या घामाचा असतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेंत काम करणाऱ्या मनुष्याच्या अंगांतून तासाला एक लिटरहूनही अधिक पाणी जाऊं शकतें, आणि सदरा मात्र कोरडाच दिसतो. तेव्हां तहानेची वाट न पाहतां मीठ घातलेलें ताक, लिंबाचें सरबत किंवा पन्हें घेत जावें. फारच पाणी गेलें असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तें घोटघोट पाजावें. आणि प्रखर उन्हांत हिंडलेल्या मनुष्याचें अंग तापून निघालें, तो असंबद्ध बोलूं लागला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळीं घाम कधीं बंद पडून त्वचा कोरडी लागते, तर कधीं घाम चालू असतो. म्हणून घामावर न विसंबतां रोग्याला सावलींत आणावें, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

उन्हाचा घाम आणि मनाचा घाम

यास कुनो नांवाच्या जपानी शरीरशास्त्रज्ञानें मनुष्याच्या घामाचा सांगोपांग अभ्यास करून १९३४ सालीं त्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. उन्हाचा घाम निराळा आणि मनाचा घाम निराळा, हें त्यानें स्पष्ट दाखविलें. उन्हाचा घाम सर्वांगाला येतो. मनाचा घाम मुख्यतः तळहात, तळपाय व काखा येथें येतो. तो चिंतेनें, संकोचानें, फार काय एखादें अवघड गणित सोडवितांनाही फुटतो, आणि झोंप लागली कीं थांबतो. या घामाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. किंचित् ओलसर त्वचेची पकड कोरड्या त्वचेपेक्षां चांगली बसते. पोथीचें पान उलटण्यापूर्वीं आपण बोट ओलें करतों तें याचसाठीं. संकटसमयीं हातापायांची पकड घट्ट व्हावी अशी निसर्गाची ही योजना असावी.

तिसरा एक प्रकार नाशिककरांच्या विशेष परिचयाचा आहे, तो म्हणजे तर्रीदार मिसळीचा घाम. मिरचींतील तिखट द्रव्य जिभेवरील उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवितें, म्हणून मेंदूला वाटतें कीं अंग भाजतें आहे, आणि कपाळावर व नाकाच्या शेंड्यावर घाम जमतो. तिखट आणि उष्णता या दोहोंना ओळखणारें हें एकच द्वार डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९९७ सालीं दाखवून दिलें, आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा तो एक मानकरी झाला. मिसळ खातांना येणारा घाम हा रोग नव्हे, हें सांगावयास नकोच.

घामाच्या दुर्गंधीविषयींही एक गैरसमज आहे. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. काखेंत व जांघेंत एक निराळ्या जातीचे पिंड असतात; ते वयांत आल्यावर कामाला लागतात. त्यांचा स्निग्ध स्राव त्वचेवरील सूक्ष्म जंतु कुजवितात आणि त्यापासून वास सुटतो. म्हणून वासावर उपाय अत्तराचा नव्हे, साबणपाण्याचा आणि कोरड्या कपड्यांचा. मुलगा किंवा मुलगी तेरा-चौदा वर्षांची होतांच ही गोष्ट आईवडिलांनीं एकांतांत समजावून सांगावी. चारचौघांत नाक मुरडून सांगूं नये.

ओल्या तळहातांचा विकार

कांहीं माणसांत मनाच्या घामाचें हें यंत्र विनाकारण आणि प्रमाणाबाहेर चालतें. हा विकार वैद्यकांत स्वतंत्र रोग म्हणून ओळखला जातो. तो पारखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. घाम सहा महिन्यांहून अधिक काळ, आठवड्यांतून एकदां तरी येतो. तो ठराविक जागींच, म्हणजे तळहात, तळपाय, काखा किंवा चेहरा येथें, आणि उजव्या-डाव्या अंगाला सारखाच येतो. त्याचा आरंभ बहुधा बालपणीं वा तारुण्याच्या उंबरठ्यावर, पंचविशीच्या आंत होतो. झोंपेंत तो थांबतो. पुष्कळदां आई, वडील, काका किंवा आत्या यांपैकीं कोणाला तरी तोच त्रास असतो. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणींत शंभरांत जवळजवळ तिघांना असा अतिघाम असल्याचें आढळलें. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गांत असा एखादा विद्यार्थी असणें मुळींच नवलाचें नाहीं.

येथें एक गोष्ट ठळकपणें लक्षांत ठेवली पाहिजे. या माणसांचे घर्मपिंड संख्येनें जास्त नसतात, रचनेनेंही सदोष नसतात. त्यांना मज्जातंतूंकडून येणारी आज्ञाच अतिरेकी असते. मन दुबळें म्हणून हात ओले होतात, ही समजूत यामुळेंच चूक ठरते. बहुधा क्रम उलटा असतो. हात ओले होतात म्हणून मुलगा हस्तांदोलन टाळतो, फळ्यापाशीं जाण्याचें टाळतो, पेटी किंवा सतार शिकण्याचें सोडून देतो. आणि आतां घाम येईल या धास्तीनेंच तो आणखी येतो. अशा मुलाला "भित्रा" म्हणणें म्हणजे लंगड्याला आळशी म्हणण्यासारखेंच आहे.

आजच्या व्यवहारांत या विकाराचा जाच वाढला आहे. याच नाशिक विभागांतील नंदुरबार जिल्ह्यांत, टेंभली या गांवीं, २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. तेव्हांपासून शिधावाटपापासून बँकेपर्यंत अनेक ठिकाणीं बोटाचा ठसा ही माणसाची ओळख झाली. ओल्या बोटाचा ठसा यंत्राला नीट उमटवून घेतां येत नाहीं, आणि मागची रांग ताटकळत राहते. फोनची कांचही ओल्या बोटाला दाद देत नाहीं. पूर्वीं जी गोष्ट रुमालांत लपत होती ती आतां लपत नाहीं.

निरोप घेऊन येणारा घाम

आतां दुसऱ्या, अधिक गंभीर प्रकाराकडे वळूं. जो घाम लहानपणापासून आहे, ठराविक जागीं येतो आणि झोंपेंत थांबतो, तो त्रासदायक खरा पण धोक्याचा नव्हे. जो घाम नव्यानें सुरूं झाला, सर्वांगाला येतो, झोंपेंतून उठवितो, किंवा एकाच बाजूला येतो, तो दुसऱ्या कोणत्या तरी रोगाचा निरोप घेऊन आलेला असतो. एकत्र कुटुंबांत तीन पिढ्या एका छपराखालीं राहतात. तेव्हां हे निरोप वाचण्याची संवय घरांतील प्रत्येक जाणत्या माणसाला असली पाहिजे.

पहिला निरोप हृदयाचा. छातींत जडपणा, दंडांत किंवा जबड्यांत कळ, धाप, आणि त्याबरोबर अंगाला गार, चिकट घाम, हीं हृदयविकाराच्या झटक्याचीं लक्षणें होत. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत पुष्कळदां छातीची कळ अगदीं थोडी असते वा नसतेही. नुसता गार घाम, मळमळ व एकाएकीं आलेला थकवा एवढेंच दिसतें. अशा वेळीं ओवा किंवा आल्याचा रस देऊन "वायु धरला असेल" म्हणत उजाडण्याची वाट पाहूं नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. येथें तासाची नव्हे, मिनिटांची किंमत असते.

दुसरा निरोप रक्तांतील साखरेचा. जे मधुमेही इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेतात त्यांची साखर उपासाच्या दिवशीं धोकादायक रीतीनें उतरूं शकते. आजी एकादशीच्या दिवशीं नेहमींची गोळी घेतात आणि फराळ मात्र दुपारपर्यंत करीत नाहींत. मग दरदरून घाम, हात कापणें, धडधड, बोलण्यांत घोटाळा. साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेल्याची ही सूचना असते. रक्तदाबासाठीं किंवा हृदयासाठीं दिलीं जाणारीं कांहीं औषधें धडधड व कंप झांकून टाकतात. घाम मात्र झांकला जात नाहीं. म्हणून मधुमेही माणसाला एकाएकीं सुटलेला घाम ही कधीं कधीं एकमेव खूण असते. शुद्ध असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां साखर तपासावी, आणि मग कांहीं खावयास द्यावें. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहीं घालूं नये, रुग्णालय गांठावें. आणि उपास करावयाचाच असेल तर औषधाच्या वेळा व मात्रा डॉक्टरांना अगोदर विचारून घ्याव्या. देवालाही हें अमान्य होणार नाहीं.

तिसरा निरोप रात्रींचा. अंथरूण व कपडे भिजून बदलावे लागतील एवढा घाम रात्रीं येत असेल, सायंकाळीं कणकण असेल, वजन उतरत असेल, खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल, तर क्षयाची तपासणी केलीच पाहिजे. ही तपासणी व संपूर्ण उपचार सरकारी रुग्णालयांत विनामूल्य होतात. क्षय हा गरिबांचा रोग, सुशिक्षितांच्या घरीं तो येत नाहीं, अशी समजूत कोणी बाळगीत असेल तर ती घातक आहे. कांहीं लसिकापिंडांच्या कर्करोगांतही असाच रात्रींचा घाम येतो, म्हणून क्षय निघाला नाहीं तरी शोध थांबवूं नये.

चौथा निरोप गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा. भूक चांगली असून वजन घटतें, हात कापतात, छाती धडधडते, इतरांना गारवा वाटत असतां या माणसाला उकडतें, आणि तळहात ओले असून ऊन लागतात. एका साध्या रक्ततपासणीनें निदान होतें आणि उपचारानें गुण येतो.

पांचवा निरोप रोगाचा नव्हे, वयाचा. पंचेचाळिशीच्या पुढेंमागें स्त्रीचा ऋतु थांबूं लागतो तेव्हां एकाएकीं चेहऱ्यापासून छातीपर्यंत ऊब पसरते, अंग घामानें डबडबतें, आणि पांच-दहा मिनिटांनीं थंडी वाजते. रात्रींतून चार वेळां असें झालें तर झोंप कशी लागावी? सासूबाई हल्लीं चिडचिड करतात, अशी तक्रार करणाऱ्या सूनबाईनें हें जाणून घ्यावें, आणि सासूबाईंनींही तें सांगण्यांत संकोच मानूं नये. यावर औषधें आहेत. ज्यांना हार्मोनचीं औषधें चालत नाहींत त्यांच्यासाठींही निराळीं आहेत.

यांखेरीज हिंवतापाचा ताप उतरतांना घाम सुटतो. लठ्ठपणांत तो वाढतो. आणि नैराश्यावरील कांहीं गोळ्यांनींही येतो. गोळीमुळें घाम येत असल्याची शंका आली तर डॉक्टरांना सांगावें, परस्पर ती बंद करूं नये.

उपचाराच्या पायऱ्या

आयुर्वेदानें स्वेदाला मेदाचा मल मानिलें आहे, आणि स्वेदवह स्रोतसांचें मूळ मेद व रोमकूप यांत आहे, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे. स्थूल मनुष्याला घाम अधिक येतो हा नित्याचा अनुभवही त्याशीं जुळतो. म्हणून वजन अधिक असल्यास तें आटोक्यांत आणणें हा सर्वांना लागू पडणारा पहिला उपाय. चहा-कॉफी फार घेण्याची संवय असल्यास ती कमी करून पाहावी.

आपल्या घरांतील तुरटी हा अ‍ॅल्युमिनियमचाच एक क्षार आहे. तुरटीच्या पाण्यानें हातपाय धुतल्यास घाम थोडा वेळ आटोक्यांत राहतो, पण तिचा गुण सौम्य. त्याच कुळांतील अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचें १० ते २० टक्क्यांचें द्रावण अधिक प्रभावी ठरलें आहे. तें घर्मपिंडांच्या तोंडाशीं बूच बसवितें. तें रात्रीं निजतांना लावावें, कारण त्या वेळीं घाम थांबलेला असतो. सकाळीं धुऊन टाकावें. त्वचा पूर्ण कोरडी असली पाहिजे. ओल्या किंवा नुकत्याच केंस काढलेल्या त्वचेवर लावल्यास आग होते, आणि औषधाला विनाकारण दोष येतो. आरंभीं कांहीं दिवस रोज, गुण आल्यावर आठवड्यांतून एक-दोनदां पुरतें. काखेंतील घामाला याचा गुण चांगला येतो, तळहातांना त्या मानानें कमी.

तळहात-तळपायांसाठीं विजेचा एक उपाय आहे; त्याला आयन्टोफोरेसिस म्हणतात. उथळ तबकांत नळाचें पाणी घेऊन त्यांत हात ठेवावयाचे आणि यंत्राच्या साहाय्यानें साधारण १५ ते २० मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह त्यांतून सोडावयाचा. एका वेळीं २० ते ३० मिनिटें, प्रथम आठवड्यांतून तीन वेळां. कांहीं आठवड्यांनीं हात कोरडे राहूं लागतात. पुढें अधूनमधून उपचार चालू ठेवावा लागतो. हा प्रयोग घरच्या घरीं तारा जोडून कोणी करूं नये. ज्यांच्या हृदयांत पेसमेकर बसविला आहे त्यांना आणि गर्भवतींना तो वर्ज्य आहे. शरीरांत धातूची पट्टी असेल तर तेंही डॉक्टरांना आधीं सांगावें.

ग्लायकोपायरोलेट, ऑक्सिब्युटिनिन यांसारख्या गोळ्या सर्वांगाचा घाम कमी करतात. पण तोंड कोरडें पडणें, बद्धकोष्ठता, दृष्टि अंधुक होणें, लघवी अडणें, असे त्यांचे उपद्रव आहेत. कांचबिंदूच्या कांहीं प्रकारांत आणि प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धांना त्या धोक्याच्या ठरतात. शिवाय घाम बंद म्हणजे शरीराचा माठ बंद, हें विसरून चालणार नाहीं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्यें या गोळ्या घेऊन उन्हांत काम करणें म्हणजे उष्माघाताला आमंत्रण देणें होय.

काखेंतील घामासाठीं बोटुलिनम टॉक्सिनचीं सूक्ष्म इंजेक्शनें देतात. अमेरिकेंत त्याला २००४ सालीं मान्यता मिळाली. मज्जातंतूची आज्ञा पिंडापर्यंत पोंचूं न देणें हें त्याचें कार्य. गुण सुमारे सहा महिने, कित्येकांना त्याहूनही अधिक टिकतो. मग पुन्हां टोंचावें लागतें, आणि खर्चही बराच येतो. तळहातांत तीं दुखतात, आणि कांहीं काळ पकड कमजोर होऊं शकते.

शेवटची पायरी शस्त्रक्रियेची. छातींतील अनुकंपी मज्जातंतु तोडून हाताचा घाम थांबवितां येतो. हा प्रयोग कोट्झारेफ नांवाच्या शल्यवैद्यानें १९२० मध्येंच केला होता. आतां तो दुर्बिणीच्या साहाय्यानें लहान छिद्रांतून होतो, आणि तळहात बहुधा तत्काळ कोरडे होतात. परंतु पुष्कळांच्या बाबतींत तोच घाम पाठीवर, पोटावर व मांड्यांवर फुटूं लागतो, आणि कांहींना तो पहिल्यापेक्षां असह्य होतो. तोडलेला तंतु पूर्ववत् होईल याची हमी नाहीं. म्हणून बाकीचे उपाय संपल्यावर, सर्व बाजू समजावून घेऊन मगच या वाटेस जावें. लग्न ठरत नाहीं म्हणून घाईघाईनें तर मुळींच जाऊं नये.

घरच्या माणसांचें काम

औषध डॉक्टर देईल. पण निम्मा उपचार घरांत आहे. विद्यार्थ्याला हाताखालीं ठेवावयास टीपकागद द्यावा, आणि शाळेंत शिक्षकांना एकदां समजावून सांगावें. सुती कपडे, रोज धुतलेले पायमोजे, पाय पुसून कोरडे झाल्यावरच चढविलेले बूट, या साध्या गोष्टींनीं तळपायांची दुर्गंधी व गजकर्णासारखे त्वचारोग टळतात. वधूवरांच्या बाबतींत हा विकार संसर्गजन्य नाहीं, त्यानें आयुष्य घटत नाहीं, कर्तृत्वाला उणेपणा येत नाहीं, हें दोन्हीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं स्वच्छ ओळखावें. मुलांत तो उतरूं शकतो हें खरें. पण चष्म्याचा नंबरही उतरतो, आणि त्यासाठीं आपण सोयरीक मोडीत नाहीं.

ज्या नाशकांत १९९८ सालीं महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झालें त्या नाशकांत तरी घामासाठीं डॉक्टरकडे जाण्याची लाज कोणास वाटूं नये. जातांना मात्र एक कागद बरोबर न्यावा. घाम केव्हांपासून येतो, कोठें येतो, दोन्ही बाजूंना सारखा येतो कीं नाहीं, झोंपेंत थांबतो कीं झोंपमोड करतो, वजन व भूक कशी आहे, ताप-खोकला आहे काय, घरांत आणखी कोणाला हा त्रास आहे, आणि सध्यां कोणतीं औषधें चालू आहेत, एवढ्या आठ गोष्टी त्यावर लिहिलेल्या असाव्या. झोंपेंतील घामाचा प्रश्न रोग्याला स्वतःला सांगतां येत नाहीं. त्याचें उत्तर शेजारीं निजणाऱ्या माणसानेंच पाहून ठेविलें पाहिजे. एकत्र कुटुंबाचा हा एक फायदा आहे. तो घ्यावा.